आत गेलेल्या जवानाची हाक बाहेर ऐकू यायला हवी

प्रति,
माननीय संपादक,

विषय : अग्निशमन जवानांसाठी धोक्याचा समान इशारा आणि बिनतारी संपर्काची शिस्त

महोदय,

होळी जवळ आली की आपल्या भागात बंबांची धावपळ वाढते. खानापूर तालुक्यात गवतगंज्या पेटतात, निपाणी-चिकोडीकडे विजेच्या लोंबत्या तारांखालचा ऊस पेटतो, आणि उद्यमबाग, मच्छे, होनगा येथील कारखान्यांत किंवा बेळगावच्या जुन्या पेठेतील लाकडी माड्यांच्या दुकानांत आग लागायला तर ऋतूही लागत नाही. दुसऱ्या दिवशी बातमी येते, नुकसानीचा आकडा येतो आणि शेवटी अग्निशमन दलाच्या जवानांनी शर्थीचे प्रयत्न करून आग आटोक्यात आणल्याचे एक वाक्य येते. त्या वाक्यामागे जी माणसे धुरात शिरली होती, ती आत असताना बाहेर उभ्या असलेल्या अधिकाऱ्याशी कशी बोलत होती, छप्पर खचू लागले असते तर ते त्यांना कोणी आणि कसे कळवले असते, आणि त्यांच्यापैकी एखादा अडकला असता तर त्याची हाक कोणाच्या कानावर पडली असती, याविषयी आपल्याकडे सहसा लिहिले जात नाही. म्हणून हे पत्र.

मी सैन्यात बिनतारी संदेशाचे काम केले आणि निवृत्तीनंतर काही वर्षे एका फौंड्रीत सुरक्षा विभाग सांभाळला. अग्निशमन दलात मी कधी नव्हतो, त्यामुळे आग कशी विझवावी हे त्या जवानांना सांगण्याचा मला अधिकार नाही. परंतु संदेश पाठवणे आणि संदेश पोहोचणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढे मात्र आयुष्याची उमेदीची वर्षे त्यातच गेल्यामुळे मी खात्रीने सांगू शकतो.

काही वर्षांपूर्वी सीमेलगतच्या एका गावात प्लास्टिक भंगाराच्या गोदामाला आग लागली, तेव्हा मी गर्दीत उभा होतो. दोन जवान पाण्याची नळी घेऊन पत्र्याच्या शेडमध्ये शिरले. बिनतारी संच एकच होता, तो बंबाच्या चालकाजवळ, आणि तोही ठाण्याशी बोलण्यासाठी. दहा-बारा मिनिटांनी छपराला आधार देणाऱ्या कैच्या वाकू लागल्याचे बाहेरच्या अधिकाऱ्याच्या लक्षात आले. त्यांनी हाका मारल्या, शिट्टी वाजवली, मग चालकाला भोंगा वाजवायला सांगितले. पण गावातील तरुण मंडळाचे कार्यकर्ते गर्दी मागे हटवण्यासाठी मघापासून शिट्ट्याच वाजवत होते, रस्त्यात अडकलेल्या दुचाक्यांचे हॉर्न चालू होते, आणि बंबाचा भोंगा तर आल्यापासून थांबलाच नव्हता. आतल्या जवानांना भोंगा ऐकू आला होता, पण मागून येणाऱ्या दुसऱ्या बंबाला वाट करून देण्यासाठी तो वाजत असावा, असे त्यांना वाटले. टाकीतले पाणी संपून नळी सैल पडली म्हणून ते बाहेर आले आणि त्यानंतर थोड्याच वेळात छपराचा मधला भाग खाली बसला. त्यांच्यातला धाकटा जवान तोंडावरची काजळी पुसत अधिकाऱ्यांना विचारत होता, ‘साहेब, हाक मारली होती का?’ हा प्रश्न माझ्या मनातून अजून गेलेला नाही. त्या दिवशी कोणी कामात कसूर केली, असे मला म्हणायचे नाही. इशारा दिला गेला होता आणि तो कानावरही पडला होता. त्याचा अर्थ काय, हे मात्र आधी ठरलेले नव्हते.

अशा प्रसंगांची किंमत जगात इतरत्र प्राणांनी मोजली गेली आहे. १ जुलै १९८८ रोजी अमेरिकेत न्यू जर्सी राज्यातील हॅकनसॅक येथे मोटारींच्या एका दुकानाला आग लागली आणि कमानीच्या लाकडी कैच्यांवर उभे असलेले छप्पर कोसळून पाच जवान गेले. छप्पर पडण्याच्या थोडे आधी मागे हटण्याचा हुकूम बिनतारीवर दिला गेला होता, पण तो मिळाल्याची पोच आतून कोणी दिली नाही, आणि पोच आली नाही याची दखल बाहेर कोणी घेतली नाही. पाचांपैकी दोघे छपराखाली सापडले नव्हते. ते अवजारांच्या खोलीत जिवंत अडकले होते आणि कित्येक मिनिटे बिनतारी संचावरून मदत मागत होते. घरी बसून अग्निशमन दलाची बिनतारी ऐकणाऱ्या हौशी नागरिकांना त्या हाका समजत होत्या, त्यांनी दूरध्वनी करून तसे कळवलेही, पण आगीच्या जागी त्या वेळी चाललेल्या गोंगाटात आणि एकाच वाहिनीवर चाललेल्या अनेकांच्या बोलण्यात त्या वेळेवर उमगल्या नाहीत. संच होते, ते चालूही होते, बोलणारा नीट बोलत होता. फक्त ऐकण्यासाठी म्हणून नेमलेला माणूस तिथे नव्हता.

माझ्या मते या सगळ्या विषयाचे मूळ इथे आहे. बिनतारी संच किती घेतले याची नोंद कागदावर होते, परंतु आगीच्या जागी, बंबाच्या इंजिनापासून थोडे दूर, कानाला संच लावून केवळ ऐकत राहणारा एक माणूस नेमला होता का, याची नोंद मागितली जात नाही. पाण्याची व्यवस्था पाहणारा, गर्दी आवरणारा आणि वरिष्ठांचे मोबाइल घेणारा अधिकारीच बिनतारीही ऐकत असेल, तर आतला संदेश त्याच्या कानावर पडूनही निसटतो. सैन्यात आम्हांला ऐकण्याची पाळी असे. त्या पाळीत दुसरे कोणतेही काम सांगायचे नाही, असा दंडक होता आणि तो मोडणाऱ्या वरिष्ठालाही आम्ही नम्रपणे अडवू शकत होतो. आपल्याकडे एका बंबावर मोजकीच माणसे असतात, त्यातला एक माणूस नुसता ऐकायला ठेवणे जड जाते, हे मला मान्य आहे. पण जेव्हा कोणी छपराखाली शिरलेले असते, तेव्हा तो एक माणूस रिकामा बसलेला नसतो.

आता हाक कोणत्या शब्दाने मारायची, याविषयी. हा प्रश्न आपल्या सीमाभागात इतर ठिकाणांपेक्षा अवघड आहे, कारण आपल्या ठाण्यांत कन्नड आणि मराठी बोलणारे जवान एकत्र काम करतात आणि सरावाने हिंदीही मिसळते. शांत वेळी त्याने काही अडत नाही. एकमेकांचे बोलणे सगळ्यांना समजते. संकटात मात्र माणूस आपल्या आईच्या भाषेत ओरडतो. ‘मदत’ हा शब्द उपयोगाचा नाही, कारण ‘आणखी एक बंब मदतीला पाठवा’ असे प्रत्येक आगीत दहा वेळा म्हटले जाते आणि अकराव्या वेळी तो शब्द आतून आला तरी कोणी दचकत नाही. मी पुष्कळ दिवस ‘अपाय’ या शब्दाचा विचार करत होतो. विजेच्या रोहित्रांवर कन्नडमध्ये तोच लिहिलेला असतो, तिथे त्याचा अर्थ धोका असा आहे, आणि मराठीतही तो परका नाही. परंतु बिनतारी संचाचे बटण दाबल्याबरोबर माणूस बोलू लागला, तर पहिले अक्षर अनेकदा कापले जाते. ‘अपाय’चे मग ‘पाय’ होते, आणि श्वसनाच्या मुखवट्यातून घोगऱ्या आवाजात तोच शब्द ‘उपाय’ असाही ऐकू येऊ शकतो, म्हणजे अगदी उलटा. जीव टांगणीला लागलेला असताना असा शब्द वापरणे धोक्याचे आहे.

म्हणून ‘मेडे’ हाच शब्द घ्यावा, असे माझे मत झाले आहे. त्याचा जन्मही दोन भाषांच्या सीमेवरच झाला. १९२३च्या सुमारास लंडनजवळच्या क्रॉयडन विमानतळावर बिनतारीचे काम पाहणारे फ्रेडरिक मॉकफर्ड यांना वैमानिकांसाठी असा संकटशब्द सुचवायला सांगण्यात आले, जो दोन्हीकडच्या कर्मचाऱ्यांना चटकन समजेल. त्या काळी क्रॉयडनची बरीचशी वाहतूक पॅरिसच्या ल बुर्जे विमानतळाशी होती, तेव्हा ‘मला मदत करा’ या अर्थाच्या फ्रेंच शब्दांवरून त्यांनी हा शब्द बेतला. तारायंत्राच्या टिकटिकीत ‘एसओएस’ ही संकटाची खूण स्पष्ट कळत असे, परंतु बोलण्यात ‘एस’ हा ध्वनी बिनतारीवर नीट ओळखता येत नसे, हेही नवा शब्द शोधण्याचे एक कारण होते. १९२७ साली वॉशिंग्टन येथील आंतरराष्ट्रीय परिषदेत बोलण्याच्या बिनतारीसाठी तो अधिकृत झाला. तो लागोपाठ तीनदा म्हणायचा असतो. पहिल्या वेळी अक्षर कापले गेले, तरी उरलेल्या दोन वेळा तो पोहोचतो, आणि रोजच्या बोलण्यात तो कोणीच वापरत नसल्यामुळे ऐकणाऱ्याला अर्थाविषयी शंका राहत नाही. तो ना मराठी, ना कन्नड, यामुळे आपल्याकडे त्यावरून वादही उद्भवणार नाही.

हा शब्द ऐकताच बाकी सर्वांनी बोलणे थांबवायचे आणि अडकलेल्याने आपण कोण, कुठे आहोत, काय झाले आहे, पाठीवरच्या टाकीत श्वासाची हवा किती उरली आहे, एवढे सांगायचे. इथे आकड्यांची एक अडचण आहे, जी भाषेच्या अभ्यासकांनाही रंजक वाटेल, पण जवानाच्या दृष्टीने ती फार गंभीर आहे. मराठीत ‘सात’ आणि ‘साठ’ बिनतारीवर सारखे ऐकू येतात. कन्नडमध्ये तीनला ‘मूरु’, सहाला ‘आरु’ आणि शंभराला ‘नूरु’ म्हणतात. तिन्हींचा शेवट एकच. हवा साठ उरली आहे की सात, शंभर की तीन, यावर बाहेरच्यांनी काय करायचे हे ठरणार असेल, तर आकडे सुटे सुटे बोलण्याची सैन्यातली सवय इथे आणली पाहिजे. ‘साठ’ऐवजी ‘सहा शून्य’ म्हणायचे, आणि ऐकणाऱ्याने तो आकडा परत उच्चारून दाखवायचा. यासाठी एक रुपयाही खर्च येत नाही, लागते ती पाठ होईपर्यंतची घोकंपट्टी.

हवेचा हिशेबही वाचकांना ठाऊक असावा. श्वसन उपकरणाची एक प्रचलित टाकी ६ लिटरची असते आणि ती ३०० बार, म्हणजे साध्या हवेच्या सुमारे तीनशेपट दाबाने भरतात, म्हणजे तीत सुमारे १८०० लिटर हवा मावते. काम करताना माणसाला मिनिटाला ४० लिटर हवा लागते असे धरले, तर ४५ मिनिटे मिळतात. जड काम, भीती आणि उष्णता यांनी ती गरज दीडपट झाली, तर ३०च उरतात. दाब ५५ बारच्या आसपास आला की उपकरणाची शिट्टी आपोआप वाजू लागते, तेव्हा टाकीत जेमतेम ३३० लिटर हवा असते, जी शांत चालीने आठ मिनिटे पुरते आणि घाबरलेल्या माणसाला जेमतेम साडेपाच. शिट्टी वाजली म्हणजे निघायची वेळ झाली, असा पुष्कळांचा समज असतो. परंतु शिट्टी वाजेल तेव्हा माणूस दाराशी पोहोचलेला असला पाहिजे, असा हिशेब आधी धरावा लागतो, आणि तो हिशेब धुरातल्या माणसाने नव्हे, तर बाहेरच्या माणसाने ठेवायचा असतो. १९५८च्या जानेवारीत लंडनच्या स्मिथफील्ड मांसबाजाराच्या तळघरांतील आगीत दोन जवान मरण पावल्यानंतर ब्रिटनमध्ये या नोंदीची पद्धत पक्की झाली. आत जाणारा प्रत्येक जण नाव, टाकीचा दाब आणि आत शिरण्याची वेळ लिहिलेला बिल्ला दाराशी ठेवलेल्या फलकावर लावून जातो आणि बाहेर आल्यावर काढून घेतो. ज्याचा बिल्ला वेळ संपली तरी फलकावर आहे, त्याचा शोध लगेच सुरू होतो. त्याने हाक मारण्याची वाट पाहिली जात नाही. आपल्याकडे एक पाटी, खडू आणि घड्याळ एवढ्यावरही याची सुरुवात होऊ शकते.

जो बेशुद्ध पडला तो ‘मेडे’ म्हणू शकत नाही. त्याच्यासाठी कमरेला किंवा श्वसन उपकरणाला लावायचे एक छोटे यंत्र असते. जवान काही सेकंद अजिबात हलला नाही, तर ते आधी हळू आवाजात जागे करते आणि सुमारे ३० सेकंदांपर्यंत तरीही हालचाल झाली नाही, तर कर्कश आवाजात ओरडू लागते. अमेरिकेत या यंत्राचे पहिले मानक १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला निघाले. पुढे काही मृत जवानांच्या अंगावरील यंत्रांचा आवाज कोणालाच ऐकू आला नव्हता असे चौकशीत आढळले, तेव्हा प्रयोगशाळेत ती तापवून पाहिली गेली आणि सुमारे १५० अंश सेल्सिअसलाच काहींचा आवाज क्षीण होतो असे दिसून आले, म्हणून २००७च्या मानकात उष्णतेच्या चाचण्या कडक करण्यात आल्या. निरनिराळ्या कंपन्यांच्या यंत्रांचे आवाज वेगवेगळे असल्याने ऐकणारे गोंधळतात हे लक्षात आल्यावर, २०१३ मध्ये सर्वांसाठी एकच आवाज ठरवण्यात आला. हे सविस्तर सांगण्याचे कारण असे की आपल्याकडे खरेदीच्या निविदेत ‘इशारा यंत्र’ एवढाच शब्द लिहिला, तर त्या नावाखाली काहीही येऊ शकते. कोणत्या वर्षीच्या मानकाचे, किती उष्णता सोसणारे आणि दलातील इतर यंत्रांशी आवाज जुळणारे, हे लिहून मागितले पाहिजे.

बिनतारी संचांविषयीही तसेच. हल्ली डिजिटल संचांकडे कल आहे आणि त्यांचा आवाज एरवी स्वच्छ असतो, परंतु मागे पंप, करवत किंवा याच इशारा यंत्राचा आवाज चालू असेल, तर माणसाचे बोलणे जुन्या पद्धतीच्या संचांपेक्षा अधिक बिघडते, असे अमेरिकेत २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांत दिसले होते. आपल्या दलाने संच घेण्याआधी चालू पंपाशेजारी उभे राहून, मुखवटा लावून आणि हातमोजे घालून ते वापरून पाहावेत. हातमोज्याच्या जाड बोटाखाली बटण दाबलेले राहिले, तर ती वाहिनी सर्वांसाठी बंद पडते आणि ज्याच्यामुळे ती बंद पडली, त्याला त्याची गंधवार्ताही नसते. दुसरे असे की ठाण्याशी बोलण्याची वाहिनी डोंगरावरच्या किंवा मनोऱ्यावरच्या पुनःप्रक्षेपकामार्फत, म्हणजे संदेश पकडून पुढे पाठवणाऱ्या यंत्रामार्फत चालते. तळघरात किंवा जाड भिंतींआड असलेल्या जवानाच्या हातातल्या संचाची शक्ती त्या मनोऱ्यापर्यंत पोहोचतेच असे नाही, पण दाराशी उभा असलेला सहकारी त्याच्यापासून अवघ्या ३०-४० मीटरवर असतो. म्हणून आगीच्या जागी संचाकडून संचाकडे थेट बोलण्याची वेगळी वाहिनी हवी, आणि ठाण्याशी बोलण्यासाठी दुसरी. जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला मोबाइलवर विसंबून चालत नाही, हे त्या भागातल्या माणसाला सांगण्याची गरज नाही.

माघारीच्या इशाऱ्याचा गोंधळ मी वर गोदामाच्या आगीत सांगितला आहे. शब्द ज्याच्या हातात संच आहे त्याच्यासाठी असतो. ज्याच्याजवळ संच नाही त्याच्यासाठी आवाजच हवा. ब्रिटनमध्ये ठरावीक बनावटीच्या शिट्टीचे आखूड, लागोपाठ आवाज हाच बाहेर पडण्याचा इशारा मानतात आणि ती शिट्टी दुसऱ्या कोणत्याही कामासाठी वाजवायची नसते. अमेरिकेत अनेक ठिकाणी बंबाचा हवेचा भोंगा दहा सेकंद तुटक वाजवून, दहा सेकंद थांबून, पुन्हा तसाच वाजवतात. मधली शांतता त्यात मुद्दाम ठेवलेली आहे, कारण त्या शांततेत अडकलेल्याचा आवाज ऐकू येतो. आपल्याकडे ही समज जुनीच आहे. देवळाची घंटा अवेळी वाजली की गाव कळशी-घागर घेऊन धावत असे, आणि साखर कारखान्याच्या भोंग्यावरून कोणती पाळी सुटली हे शेतातली बाई सांगू शकते. हे कळते, कारण त्या आवाजाचा अर्थ एकच असतो. मग बंब पोहोचताच त्याचा भोंगा बंद करायचा आणि त्यानंतर तो फक्त ‘सगळे बाहेर या’ यासाठीच वाजेल, असा नियम करणे अवघड का असावे? गणेशोत्सव मंडळांच्या आणि तरुण मंडळांच्या कार्यकर्त्यांनाही मी कळकळीने विनंती करतो. आपण धावून जाता, दोर धरता, पाणी ओतता, यामुळे कितीतरी संसार वाचले आहेत. पण आगीच्या जागी गर्दी हटवताना शिट्टी वाजवू नका, हातांची साखळी करा. आपली शिट्टी थांबली, तरच दलाची शिट्टी आत पोहोचेल.

सीमेचा प्रश्न इथे आणखी एका अर्थाने येतो. कर्नाटकात अग्निशमन सेवा राज्य शासनाच्या खात्याकडे आहे, तर महाराष्ट्रात ती प्रामुख्याने महानगरपालिका व नगरपालिका चालवतात. निपाणीत मोठी आग लागली तर कागलकडून, साखर कारखान्यांकडून बंब येतात. चंदगड तालुक्यातल्या शिनोळीला कोल्हापूरपेक्षा बेळगाव कितीतरी जवळ आहे. माणसे येतात, पाणी देतात, खांद्याला खांदा लावून काम करतात, पण त्यांचे संच एकमेकांशी बोलत नाहीत, कारण वाहिन्या वेगळ्या, परवाने वेगळे आणि कळवण्याच्या साखळ्याही वेगळ्या. दोन राज्यांनी एक समान वाहिनी मंजूर करून घ्यावी, अशी मागणी मी करतो, पण तिला वेळ लागेल हे जाणतो. तोवर एक साधी तजवीज करता येईल. दुसऱ्या दलाचा बंब पोहोचला की त्यांच्या एका माणसाने संचासह आपल्या ऐकणाऱ्या माणसाशेजारी येऊन उभे राहायचे, आणि एकाच्या संचावर आलेला ‘मेडे’ दुसऱ्याने आपल्या संचावर तत्काळ उच्चारायचा. लढाईच्या सरावात दोन वेगळ्या तुकड्यांमध्ये आम्ही हेच करत होतो.

केंद्र सरकारने २०२३ मध्ये राज्यांच्या अग्निशमन सेवांच्या विस्तार आणि आधुनिकीकरणासाठी ५००० कोटी रुपयांची योजना जाहीर केली आहे. त्या निधीतून बेळगाव जिल्ह्याच्या वाट्याला जे येईल, त्यातून मोठी वाहने आणि उंच शिड्या घेण्याची घाई होणे स्वाभाविक आहे, कारण त्या उद्घाटनाला दिसतात. आत शिरणाऱ्या प्रत्येक जवानाजवळ संच आणि इशारा यंत्र असावे, ही मागणी आपल्या आमदार-खासदारांनी आणि जिल्हा प्रशासनाने त्याच यादीत वर लिहावी. ऑगस्ट २०२४ मध्ये नावगे येथील चिकटपट्टीच्या कारखान्याला लागलेली आग आपण सर्वांनी पाहिली; एका तरुण कामगाराचा त्यात अंत झाला आणि जवान रात्रभर त्या धगीत झुंजत राहिले. मुंबईत ९ मे २०१५ रोजी काळबादेवीच्या आगीत इमारत कोसळून दोन अधिकारी जागीच गेले आणि भाजलेले दोन पुढे रुग्णालयात मरण पावले, त्यांत खुद्द मुख्य अग्निशमन अधिकारी होते. इतक्या अनुभवी माणसांवर जी वेळ येऊ शकते, ती आपल्या ठाण्यातल्या विशी-पंचविशीतल्या पोरांवर येणार नाही असे कोण म्हणेल?

१४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ या जहाजाचा स्फोट होऊन ६६ अग्निशमन जवान मरण पावले. जहाज सोडून देण्याचा हुकूम आणि पहिला स्फोट यांच्यामध्ये १६ मिनिटे होती. त्यांच्या स्मरणार्थ देशभर १४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो आणि त्यात शाळकरी मुलांना पाण्याचे फवारे दाखवले जातात, तेही चांगलेच आहे. येत्या सप्ताहात मात्र एक दिवस बेळगाव, खानापूर, निपाणी आणि चिकोडी येथील दलांनी, शक्य झाल्यास कागल आणि चंदगडच्या सहकाऱ्यांना बोलावून, एखाद्या रिकाम्या गोदामात धुराचा सराव करावा. त्यात बाकीच्यांना न कळवता एका जवानाला आडवे पडायला सांगावे आणि त्याची हाक बाहेर किती सेकंदांत पोहोचते, त्याला बाहेर काढायला किती मिनिटे लागतात, हे घड्याळ लावून मोजावे, आणि आलेले आकडे आपल्या वृत्तपत्रात छापावेत. अमेरिकेत फिनिक्स शहराच्या अग्निशमन दलाने, आपला एक जवान २००१ मध्ये गमावल्यानंतर, असेच सराव वारंवार केले, तेव्हा एका अडकलेल्या जवानाला बाहेर काढायला सुमारे १२ माणसे आणि जवळजवळ २० मिनिटे लागतात असे त्यांना दिसून आले. आपला आकडा काय येतो, ते आपल्याला अजून माहीत नाही.

त्या दिवशी ऐकणाऱ्याच्या जागी बसण्यासाठी आणि नव्या जवानांना संदेशाची शिस्त शिकवण्यासाठी मी स्वतः हजर राहीन. सैन्यातून बिनतारीचे काम करून निवृत्त झालेली अनेक माणसे बेळगाव आणि खानापूर तालुक्यांत आहेत; त्यांच्यापैकी जे तयार असतील, त्यांनी आपापल्या जवळच्या अग्निशमन ठाण्यात जाऊन तसे सांगावे.

आपला नम्र,
एक निवृत्त बिनतारी चालक,
खानापूर तालुका, जिल्हा बेळगाव